कॅनिस्टर फिल्टरची घरघर अशी थांबली
महिनाभर आमच्या माशांच्या टाकीचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, घरघर करत होता आणि पाण्याची धार पार बारीक झालेली, स्पंज दोनदा पिळला तरी फरक शून्य. शेवटी इम्पेलर (पाणी ढकलणारा छोटा पंखा) बाहेर काढला तर दांडीपाशी ज्वारीच्या दाण्याएवढी गोगलगाय अडकलेली, भोवती तपकिरी चिकट गाळ! जुन्या टूथब्रशने सगळं घासलं, पाइपही साफ केले. ओ-रिंगला (झाकणाच्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावलं, व्हॅसलीन लावू नका, रबर फुगू शकतं. बॅक्टेरिया राहतात त्या सिरॅमिक रिंग मात्र टाकीतल्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्या, प्लीज, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे हे बॅक्टेरिया मरतात आणि त्रास बिचाऱ्या माशांना होतो. मग डबा काठोकाठ भरून, जरा हलवून हवा काढली न् चालू केला. आता कान लावला तरच आवाज येतो.