मधुमेहाच्या वर्गाला रिकाम्या हाताने जाऊ नका

आपला मधुमेह आपणच कसा सांभाळायचा हे शिकवणारे वर्ग वेगवेगळ्या लांबीचे असतात. ब्रिटनमध्ये टाइप २ साठी चालणारा डेसमंड साधारण ६ तासांत संपतो, तर टाइप १ चा डाफ्ने पूर्ण ५ दिवसांचा असतो. वर्ग कोणताही असो, जाऊन आलेल्यांची तक्रार बहुधा एकच: तिथे सगळं पटलं, पण घरी आल्यावर नेमकं काय करायचं ते कळेना. त्यावर एकच उपाय, वर्गात स्वतःचे आकडे न्यायचे.

आधीचे तीन दिवस रोज कोणत्याही एका जेवणाची शुगर जोडीने तपासा. एकदा पहिला घास घेण्याआधी आणि पुन्हा त्याच घासापासून दोन तासांनी. बरेच जण हे दोन तास हात धुतल्यापासून मोजतात, आणि जेवण लांबलं असेल तर आकड्यांचा मेळ बसत नाही. शेजारी काय खाल्लं, किती खाल्लं आणि नंतर बसलात की चाललात, एवढं लिहा. आधी ११२ आणि नंतर २०४ अशी जोडी दिसली की शिकवणाऱ्याला बोलायला काहीतरी मिळतं. वर्ग आहे म्हणून ते तीन दिवस पथ्य पाळू नका. चांगले दिसावेत म्हणून काढलेले आकडे कुणाच्याच कामाचे नसतात.

तपासण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. फळ सोलल्यावर बोटाला राहिलेला रससुद्धा आकडा भलताच वर नेतो. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, कारण दमट हवेने पट्ट्या बिघडतात. आणि ग्लुकोमीटर चांगला असला तरी १५ टक्के इकडे-तिकडे चालतं असं मानकच आहे. म्हणजे खरी शुगर १८० असताना यंत्राने १५३ दाखवलं काय किंवा २०७ दाखवलं काय, दोन्ही चालण्यासारखं. १७२ आणि १८५ मधल्या फरकावरून झोप उडवू नका.

इन्सुलिन घेत असाल तर 'मी टोचतो, तुम्ही बघा' असं शिक्षकांना सरळ सांगा. वर्षानुवर्षं पेन वापरणाऱ्यांच्याही चुका तेव्हाच सापडतात: आधी २ युनिट हवेत सोडून सुई चालू आहे का ते न बघणं, किंवा बटण दाबल्या दाबल्या सुई बाहेर काढणं. मनात दहापर्यंत मोजा, मग काढा. पोटावरून बोटं फिरवून गाठी आहेत का तेही तपासून घ्या. गाठीवर टोचलं की दुखत नाही, म्हणून हात पुन्हा तिथेच जातो. पण तिथून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी जास्त. मात्र जागा बदलताना सावध राहा. चांगल्या कातडीतून तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर उतरू शकते, त्यामुळे डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना आधी विचारा.

शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, याची वर्गात उजळणीच करून घ्या. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा पाण्यात विरघळलेली तीन-चार छोटे चमचे साखर घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. अवघड आहे ते थांबणं. हातपाय थरथरत असताना माणूस बरं वाटेपर्यंत खात सुटतो आणि तासाभराने २५० वर पोचतो. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातली चरबी साखरेला उशीर लावते.

कर्बोदकं मोजायला शिकवत असतील तर पहिला आठवडा वजनकाटा वापराच, डोळ्यांचा अंदाज हमखास चुकतो. तक्त्यातला आकडा कच्च्या धान्याचा की शिजवलेल्या, हे आधी बघा. धान्य शिजताना पाणी पितं आणि वजन दुपटी-तिपटीने वाढतं. इथे गफलत झाली की त्यावरून ठरवलेला इन्सुलिनचा डोसही तितकाच चुकणार. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती वेगळी असेल तर तिलाच सोबत न्या.

चारचौघांत आपला एचबीएवनसी, म्हणजे रक्ततपासणीतला सरासरी शुगरचा आकडा, सांगायची लाज वाटत असेल तर सांगू नका, सक्ती नसते. मात्र दुसऱ्याशी तुलनाही नको, त्याचा आजार किती वर्षांचा आणि औषधं कोणती हे तुम्हाला ठाऊक नसतं.

निघताना एकच निश्चय लिहा, पण त्यात आकडा हवा. 'व्यायाम वाढवीन' कुणाच्याच हातून होत नाही. 'रात्री जेवल्यावर १५ मिनिटं चालीन, आठवड्यातून पाच दिवस' होतं. मग पुन्हा तीच जोडी तपासा, आकड्यात फरक दिसला तर चालणं टिकतं. एचबीएवनसी मात्र तीन महिन्यांनीच करा, कारण तो दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. पुढच्या भेटीची तारीखही तिथेच घ्या. पाठपुरावा नसला की शिकलेलं काही महिन्यांत विरतं.

आणि आजारपणाच्या दिवसांसाठीच्या सूचनांचा कागद मागून घ्या, तो पुष्कळदा राहून जातो. ताप आला, जेवण गेलं तरी टाइप १ मध्ये इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. पाणी पीत राहायचं आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारी आम्लं) तपासायचे. उलट्या-जुलाबांत काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. तुमच्यापैकी कोणत्या, ते नावानिशी लिहून आणा आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा.