साथीच्या काळात दवाखाना: या चुका टाळा

“काही वाटलं तर फोन करा.” कोरोनाच्या पहिल्या लाटेत हे वाक्य मी रोज पन्नास वेळा म्हणत होतो. आजही तापाची साथ आली की नवे डॉक्टर हेच सांगून पेशंटला वाटेला लावताना दिसतात आणि मला राहवत नाही.

सप्टेंबर २०२० मधली गोष्ट. सत्तरीचे एक काका, जुना डायबेटिस. ताप दोन दिवसांत उतरला, घरचे निर्धास्त झाले. आठव्या दिवशी मुलगा शुगरच्या गोळ्या न्यायला आला. मी सहज चौकशी केली. “बरे आहेत, फक्त झोपून असतात,” म्हणाला. त्याच्या हातात ऑक्सिमीटर देऊन त्याला घरी पिटाळलं. बसल्या जागी ऑक्सिजन ९३. अंगणात चालवल्यावर ८६. आणि काका म्हणताहेत, “मला कुठं काय झालंय?” मध्यरात्री तिसऱ्या हॉस्पिटलात खाट मिळाली. काका वाचले, पण एकोणीस दिवसांनी घरी आले. या आजारात ऑक्सिजन उतरला तरी कित्येकांना दम लागत नाही. त्यांना काही वाटलंच नव्हतं, मग ते फोन कशाला करतील?

त्या दिवसापासून फोन आम्ही करू लागलो. एक साधी वही केली. त्यात लक्षणं सुरू झाल्याची तारीख लिहायची (रिपोर्टची नव्हे, इथे फार जण चुकतात) आणि पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत सिस्टरने रोज फोन लावायचा. सोबत मोठ्या अक्षरातली मराठी चिठ्ठी: बोट गरम करा, नेलपॉलिश पुसा, आकडा स्थिर होऊ द्या, मग सहा मिनिटं घरातच चाला आणि पुन्हा मोजा. साठीच्या पुढच्यांना मी तीनच मिनिटं सांगायचो. ९४ च्या खाली गेला किंवा चालून तीनने उतरला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कळवा. चिठ्ठीवर घरातल्या एका माणसाचं नाव लिहायचो. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही.

दुसरी चूक बाहेरच्या खोलीतली. खुर्च्या दिवसातून दहा वेळा पुसायच्या आणि एसीसाठी खिडक्या मात्र बंद! विषाणू हवेतून पसरतो. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा, वेळ ठरवून बोलवा. आमचे पेशंट रिक्षात, नाहीतर समोरच्या कडुलिंबाखाली थांबत. तापाचे पेशंट दुपारी, गरोदर बाया आणि लसीची बाळं सकाळी. दारातल्या थर्मामीटरवर विसंबू नका, लोक पॅरासिटामॉल घेऊन येतात.

लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली म्हणून पेशंटला मोकळं सोडू नका, आरटीपीसीआर करा.

व्हॉल्व्हचा एन-९५ मास्क तुम्हाला वाचवतो, समोरच्याला नाही.

पुसायच्या हायपोक्लोराइटमध्ये (म्हणजे ब्लीचमध्ये) ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

बीपी-शुगरच्या जुन्या पेशंटना विसरू नका. फोनवरून तपासणीचे नियम २५ मार्च २०२० लाच आले होते, तरी महिनोन्महिने कित्येकांच्या गोळ्या बंद होत्या.

आणि स्टेरॉइड. याबद्दल मला अजूनही राग येतो. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत स्पष्ट झालं होतं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच होतो, इतरांना नाही. तरीही आजाराच्या दुसऱ्याच दिवशी, ऑक्सिजन ९८ असताना, गोळ्या लिहिल्या गेल्या. का, तर ताप पटकन उतरतो आणि पेशंट खूश होतो. शुगर चारशेवर गेलेले लोक मी पाहिले. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) डोळा गमावलेलेही पाहिले. पेशंटला घाई असते, तो घाबरलेला असतो. त्याच्याशी पाच मिनिटं बोला. “आज हे औषध का देत नाही” एवढं नीट सांगितलं, तर बहुतेक जण ऐकतात. मी ते चिठ्ठीच्या मागे लिहूनही द्यायचो, म्हणजे शेजाऱ्याने व्हॉट्सॲपवरचं औषध सुचवलं तर दाखवायला हाताशी असे.