ईसीजीतला ५० हर्ट्झचा गोंगाट दाबताय? या चुका टाळा

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की पोरं माझ्याकडे यायला लागतात. बुधवार पेठेतून आणलेलं एडी८२३२ चं (ईसीजीचा सिग्नल मोठा करणारं) मॉड्यूल, एक अर्डुइनो बोर्ड, लॅपटॉप, आणि स्क्रीनवर ईसीजीऐवजी जाडजूड पट्टा. प्रश्न ठरलेला: "काका, कुठला फिल्टर लावू?" मी उलट विचारतो, ज्याच्या छातीवर इलेक्ट्रोड लावलेत त्याची कातडी पुसली होती का? मग सगळे एकमेकांकडे बघतात.

ईसीजी असतो साधारण एक मिलिव्होल्टचा. भोवतीच्या भिंतींतून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ फिरत असतात आणि अंगावर त्यांचा अंश येणारच. अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही इलेक्ट्रोडवर जे सारखं आहे ते वजा करतो. पण एका इलेक्ट्रोडचं जेल सुकलेलं आणि दुसऱ्याचं ओलं असेल, तर तोच गोंगाट दोन्हीकडे वेगळा पोचतो. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या लेखी तोही सिग्नलच. उघड्या पाकिटात महिनाभर पडलेले इलेक्ट्रोड "अजून चिकटतात की" म्हणून वापरणारे मी पाहिलेत. चिकटणं वेगळं आणि वीज वाहणं वेगळं. माझी सवय अशी: केस काढा, स्पिरिटचा बोळा फिरवा, वाळू द्या, कोरड्या गॉजनं हलकं घासा, नवा इलेक्ट्रोड लावा आणि पाच मिनिटं काही करू नका. तेवढ्यात तिन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या. या पाच मिनिटांचा कंटाळा करणारेच पुढे पाच रात्री कोडमध्ये घालवतात.

आणि तो तिसरा, उजव्या पायाचा इलेक्ट्रोड म्हणजे अर्थिंग नव्हे, आणि शोभेचाही नाही. दोन्हीकडे सारखा येणारा गोंगाट उलटा करून त्यातूनच अंगात परत सोडला जातो. विंटर आणि वेबस्टर यांनी १९८३ साली या सर्किटचं गणित नीट मांडून ठेवलंय. "दोन वायरींवर भागतं" असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका.

आता माझा खास राग. एमआयटी-बीआयएचचा ॲरिदमिया डेटाबेस, म्हणजे बिघडलेल्या लयींच्या ईसीजींचा संग्रह, सगळेच उतरवून घेतात. फुकट आहे, चांगला आहे. अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग्ज. त्यावर आपली मंडळी ५० हर्ट्झचा नॉच (तेवढीच एक फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावतात. अरे, ती रेकॉर्डिंग्ज बोस्टनची आहेत! तिथली वीज ६० हर्ट्झची. सेकंदाला ३६० सॅम्पल (सिग्नलच्या मोजण्या) हा आकडासुद्धा ६० चा नॉच सोपा जावा म्हणूनच निवडलेला. एकाला हे सांगितलं तर म्हणाला, "पण काका, आमचा रिझल्ट तर मस्त आलाय." कोड उघडला. पठ्ठ्यानं आधी स्वतःच ५० हर्ट्झची साइन लाट रेकॉर्डिंगमध्ये मिसळली होती आणि नंतर तीच काढून दाखवली होती. स्वतःच पाण्यात टाकलेलं नाणं बुडी मारून वर काढायचं आणि टाळ्या घ्यायच्या!

दुसरी मोठी चूक बेसलाइनची, म्हणजे ईसीजीच्या पायाच्या रेघेची. एका ग्रुपनं हृदयविकाराची सूचना देणारं यंत्र केलं होतं. एसटी सेगमेंट, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरचा रेघेचा भाग, खाली गेला की बझर वाजणार. चाचणीला त्यांच्यातलाच एक सडपातळ मुलगा बसला आणि बझर थांबेचना. पोरं घाबरली, त्यानं घरी फोन केला, वडील साताऱ्याहून मिळेल त्या गाडीनं निघाले. रात्री हॉस्पिटलात बारा लीडचा ईसीजी काढला, तो अगदी नॉर्मल. दुसऱ्या दिवशी ते खोकं माझ्या टेबलावर. श्वासाबरोबर रेघ वरखाली होते म्हणून त्यांनी कोडमध्ये १ हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं सगळं अडवणारा फिल्टर) टाकला होता, आणि मॉड्यूलमध्ये मुळातच ०.५ हर्ट्झचा बसवलेला. हाय-पास सिग्नलची सरासरी शून्यावर ओढतो. उंच क्यूआरएस, म्हणजे ती टोकदार लाट, येऊन गेली की रेघ शून्याच्या खाली बुडते आणि हळूहळू वर येते. ती बुडी नेमकी एसटीवर पडते. म्हणजे दुखणं मुलाच्या हृदयात नव्हतं, फिल्टरमध्ये होतं.

निदानाच्या ईसीजीसाठी खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ धरतात ती याचसाठी. वरची मोठ्यांसाठी १५० हर्ट्झ. हे मॉड्यूल सहसा ०.५ ते ४० मध्ये बांधलेलं मिळतं. त्यावर ठोके मोजा, लय बघा, एसटीबद्दल बोलू नका. रेघ डुलत असेल तर माणसाला आडवा झोपवा, वायरी कातडीला टेपनं चिकटवा, बोलू देऊ नका.

सॅम्पलिंगचा घोळ तर घरोघरी. कोडमध्ये चार मिलिसेकंदांचा डिले टाकला म्हणजे सेकंदाला २५० सॅम्पल मिळाले असं होत नाही. सिरियल (अर्डुइनोकडून लॅपटॉपकडे डेटा पाठवण्याचा वेग) ९६०० वर ठेवून तीन आकडी संख्या ओळीनं पाठवली, तर दर सॅम्पलला पाच बाइट जातात आणि सेकंदाला १९२ च्या वर मजल जात नाही. २५० धरून आखलेला ५० चा नॉच मग प्रत्यक्षात ३८.४ हर्ट्झवर बसतो. हम, म्हणजे ५० चा गोंगाट, तसाच, आणि वर ईसीजीचा लचका. वेग वाढवा, ठरल्या क्षणी सॅम्पल घेणारा टायमर इंटरप्ट वापरा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर वर-खाली ठोकला जाऊन सिग्नलची टोकं कापली गेली असतील तर पुढचा कुठलाही फिल्टर ती परत आणत नाही; गेन कमी करा. सॅम्पलिंगच्या आधी अ‍ॅनालॉग फिल्टर हवाच. सेकंदाला २०० सॅम्पल घेतले तर १५० हर्ट्झचा हार्मोनिक (५० च्या तिपटीची लाट) ५० वर येऊन बसतो. नॉच फार अरुंद केला तर क्यूआरएसनंतर तो थरथरत राहतो, त्या थरथरीला आजार समजू नका. पुढून-मागून दोनदा चालणारा फिल्टर साठवलेल्या डेटावर ठीक, 'रिअल टाइम' म्हणून मिरवू नका. बोटावरच्या पल्स सेन्सरला ट्यूबलाइट १०० हर्ट्झवर सतावते. त्याला काळं कापड पुरतं.

फिल्टर कुठलाही लावा, मी एकच गोष्ट बघतो: मूळ सिग्नलमधून फिल्टर केलेला वजा करून जे उरतं त्याचा आलेख. तिथे नुसती लाट दिसली तर ठीक. प्रत्येक ठोक्याला उंचवटा दिसला, तर तुम्ही गोंगाटाबरोबर हृदयही काढून टाकलंय. स्वच्छ झालेली रेघ सगळेच दाखवतात. काढून टाकलेली दाखवा म्हटलं की गडबड होते.

आणि शेवटचं, यात चर्चा नाही. माणसाला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉप चार्जरवर ठेवायचा नाही. बरेचदा हमही तिथूनच येतो, पण मुद्दा जिवाचा आहे. त्या मॉड्यूलमध्ये आयसोलेशन, म्हणजे माणसाला घरच्या विजेपासून तोडून ठेवणारी सोय, नसतं. बॅटरी संपत आली तर आधी इलेक्ट्रोड काढा, मग प्लग लावा.