वाळूतून सिनेमा: पहिली प्रायोगिक ॲनिमेशन फिल्म कशी करावी

ॲनिमेशन करायचं ठरलं की बहुतेक जण आधी गोष्ट शोधायला बसतात. प्रायोगिक लघुपटाच्या बाबतीत माझा आग्रह उलटा आहे. आधी साहित्य हातात घ्या. वाळू, चिकणमाती, कागदाचे तुकडे, ओले रंग या प्रत्येकाची हलण्याची रीत वेगळी असते आणि फिल्मचा विषय बऱ्याचदा त्या हालचालीतूनच सुचतो.

निवडायला वाव भरपूर आहे. लॉटे रायनिगर यांनी काळ्या पुठ्ठ्यातून कापलेल्या आकृत्या खालून प्रकाश देऊन हलवल्या आणि 1926 मध्ये त्याच पद्धतीने पूर्ण लांबीचा चित्रपट केला. लेन लाय यांनी 1935 मध्ये कॅमेरा बाजूलाच ठेवला आणि सरळ फिल्मच्या पट्टीवर रंग लावले. नॉर्मन मॅकलॅरेन यांनी 1952 मध्ये जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखं एकेका चौकटीत (फ्रेममध्ये) हलवलं. या पद्धतीला पिक्सिलेशन म्हणतात. पहिल्या प्रयत्नासाठी मी मात्र वाळू सुचवेन. खर्च कमी, आणि चित्रकला बेताची असली तरी वाळू सांभाळून घेते.

मांडणी. दोन आधारांवर काच आडवी ठेवा आणि तिच्याखाली दिवा लावा. प्रकाश सगळीकडे सारखा पसरावा म्हणून काचेखाली ट्रेसिंग पेपर चिकटवा. कॅमेरा किंवा मोबाइल बरोबर वर, लेन्स खाली करून, घट्ट बसवा. खोलीत अंधार हवा, पंखा बंद हवा. अंगात गडद कपडे घाला, नाहीतर काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसेल. वाळू बारीक चाळणीने चाळा, धुवा आणि पूर्ण कोरडी करा. ओलसर वाळूचे गोळे होतात.

कॅमेऱ्याचं सेटिंग. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण फिल्म इथेच बिघडते. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हाताने ठरवून लॉक करा. ऑटोवर ठेवलं तर दर फोटोला उजेड थोडा बदलतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकत राहतं. शटर संथ ठेवा, सेकंदाचा दहावा भाग चालेल. वाळू स्थिर असल्याने चित्र हलत नाही आणि दिव्याची थरथर पकडली जात नाही. फोटो काढताना मोबाइलला हात लावू नका. रिमोट किंवा टायमर वापरा.

गणित. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. एक चित्र दोन चौकटी धरलं की सेकंदाला 12 फोटो पुरतात. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या फिल्मला 360 फोटो लागतील. पहिल्यांदा एवढीच लांबी ठेवा.

चित्र हलवणं. खरी गंमत इथे आहे. वाळूचा जाड थर काळा दिसतो, पातळ थर तपकिरी होतो आणि बोटाने वाळू सारली की उजळ रेघ उमटते. थराच्या जाडीवरच सगळ्या छटा मिळतात. समजा, मासा उडून पक्षी व्हायचा आहे. कागदावर फक्त तीन-चार मुख्य अवस्था काढून शेजारी ठेवा. मग कोरड्या ब्रशने माशाचा पर दर फोटोला दोन-तीन मिलिमीटर रुंद करत न्या. शेपटी टोकाकडून थोडी थोडी खरवडा, डोळा मात्र जागचा हलवू नका. बाकी सगळं बदलत असताना प्रेक्षकाची नजर त्या डोळ्याला धरून राहते, म्हणून रूपांतर पटतं.

वेगाचं भान अंतरातून येतं. काचेवरचा कॅमेऱ्यात दिसणारा भाग 30 सेंटिमीटर रुंद असेल आणि पक्ष्याला तो एका सेकंदात ओलांडायचा असेल, तर प्रत्येक फोटोला तो सरासरी अडीच सेंटिमीटर सरकेल. पण सगळी पावलं सारखी ठेवलीत तर तो यंत्रासारखा वाटतो. सुरुवातीला अर्धा सेंटिमीटर, मध्ये चार, थांबताना पुन्हा अर्धा असं करा. पक्षी थांबला तरी त्याच्या कडेचे काही कण दर फोटोला किंचित हलवत राहा. एकच फोटो लांबवला की चित्र गोठल्यासारखं दिसतं.

वाळूत मागे जाता येत नाही. नवं चित्र आधीच्या चित्रावरच होतं आणि आधीचं पुसलं जातं. कॅरोलिन लीफ यांनी 1969 मध्ये विद्यार्थिदशेत वाळूतून फिल्म केली आणि पुढे काचेवरच्या ओल्या रंगांतही अशाच, पुसत पुढे जाणाऱ्या पद्धतीने काम केलं. म्हणून चूक झाली तर थांबू नका, पुढच्या चित्रात तिला सामावून घ्या. दर 12 फोटोंनंतर मात्र ते चालवून बघा. स्टॉप मोशनच्या, म्हणजे एकेक फोटो जोडून हालचाल दाखवणाऱ्या, ॲपमध्ये आधीचं चित्र पुसट दिसण्याची सोय असते, ती चालू ठेवा.

आवाज. आधी फिल्म आवाजाशिवाय कापून, म्हणजे एडिट करून, घ्या. तयार गाणं लावण्याचा मोह टाळा, कारण ठेका चित्रावर कुरघोडी करतो. त्याऐवजी ज्या वाळूतून चित्र केलं तीच काचेवर ओता, घासा, झटका आणि रेकॉर्ड करा. पंख फुटतो तिथे लांब घासल्याचा आवाज, शेपटी सुटते तिथे एकच चिमूट पडल्याचा. मासा पक्षी होतो त्या क्षणी सगळे आवाज पूर्ण बंद ठेवून बघा, मग तिथे काही हवं की नको ते ठरवा.