आयसीयूत गाणं लावण्याआधी

जळगावात आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून मला नऊ वर्षं झाली. संगीतोपचाराचा छोटा कोर्स केला तो हौसेनं. नवीन मुली ड्यूटीवर आल्या की विचारतात, "ताई, पेशंटला कुठलं गाणं लावायचं?" मी म्हणते, घरच्यांना विचारलंस का?

मीही विचारलं नव्हतं. व्हेंटिलेटरवरच्या एका आजींना बरं वाटावं म्हणून टाळ-मृदंगाचं भजन स्पीकरवर लावलं. भेटीच्या वेळी सून आली, आवाज कानावर पडला आणि तिनं दारातच हंबरडा फोडला. त्यांच्या गावात माणूस गेलं की रात्रभर असंच भजन चालतं. आजी आहेत हे पटवायला तिला मॉनिटरपाशी न्यावं लागलं.

तेव्हापासून स्पीकर बंद, हेडफोन सुरू. शिवाय स्पीकरच्या आवाजात शेजारच्या बेडचा अलार्म बुडाला तर ते पाप कोणाच्या माथी? हेडफोन दर पेशंटला पुसायचा, कव्हर बदलायचं. डोक्याला मार असेल, कानातून रक्त किंवा पाणी येत असेल तर हातच लावायचा नाही. आवाज इतका बेताचा, की आपण नावानं हाक मारली तर त्याला ऐकू यावी.

आपण जे करतो ते खरं तर संगीत ऐकवणं. प्रशिक्षित म्युझिक थेरपिस्ट पेशंटच्या श्वासाची लय बघून स्वतः वाजवतो, ती विद्या वेगळी. पण ऐकवण्यानंही फरक पडतो. 2013 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. व्हेंटिलेटरवरचे 373 पेशंट होते. ज्यांना आपल्या आवडीचं संगीत हवं तेव्हा ऐकायला दिलं, त्यांची घबराट कमी झाली, सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषधही कमी लागलं. आवड विचारायला तिथे खास थेरपिस्ट होता. आपल्याकडे ते काम आपलंच.

पुस्तकं सांगतात, मिनिटाला 60 ते 80 ठोक्यांची संथ, शब्दाविना धून. ठीक आहे. एका शेतकरी आबांना मी तशी बासरी लावली, तर ते मान हलवून हेडफोनच पाडायचे. नातू म्हणाला, "ताई, आबाले गाना नही आवडस. बैलेसना घुंगरू आवडतस." मग त्यानंच संध्याकाळी गोठ्यात जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं: घुंगरं, मधेच कडबा ओढल्याची खसखस, कोणीतरी खोकलेलं. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं लावलं. श्वासाच्या ट्यूबकडे सारखा जाणारा हात चादरीवर पडून राहिला. हात बांधायची पट्टी मी त्या दुपारी काढली.

मात्र नाडी उतरली की संगीत लागू पडलं, असं समजू नका. आपल्याकडे कापसावरच्या फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेले पेशंट येतात. त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, चालू असलं की नाडी पळतेच आणि माणूस बरळतोही, तिथे गाण्याचा अंदाज मॉनिटरवरून घेता येत नाही. हात, कपाळ, व्हेंटिलेटरशी चाललेली झटापट बघा. आधी आणि नंतर रास स्कोर (RASS, पेशंट किती बेचैन किंवा गुंगीत आहे त्याचा आकडा) घ्या. बेचैनी वाढली तर लगेच बंद. डोळ्यांतून पाणी आलं तर मीही थांबवते. ते कसलं आहे हे ट्यूब असलेला माणूस सांगू शकत नाही.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सेडेशनच्या पंपाला हात लावायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगते. रात्री दहानंतर काहीच नको, दिवे मंद करा नि झोपू द्या.

आणि शीटवर नुसतं 'संगीत दिले' लिहू नका. काय लावलं, किती वेळ, हात कुठे होता ते लिहा. आमच्या एका सिस्टरनं 'घुंगरू' एवढंच लिहून ठेवलं होतं. रात्रपाळीची पोरगी बिचारी बेडखाली शोधत बसली.