बोलण्याच्या एमआरआयला जाण्याआधी

मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ असली की ऑपरेशननंतर बोलण्याला किती धोका, याचा अंदाज सर्जन फंक्शनल एमआरआय आणि ट्रॅक्टोग्राफीवरून बांधतात. पहिलीत बोलताना कामाला लागणारे भाग दिसतात, दुसरीत त्यांना जोडणारे तंतू. या दोन्ही तपासण्या होतात का, हे सेंटरला फोनवर आधीच विचारा. साधी एमआरआय होते म्हणजे याही होतीलच असं नाही.

फंक्शनल एमआरआयच्या मशीनमध्ये पडल्या पडल्या बोलण्याची चाचणी घेतात, म्हणून सगळ्यात आधी घरची भाषा कळवा. देगलूरकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, कित्येक घरांत दखनी. माय जन्मभर गोरमाटी बोललेली आणि चाचणी मराठीतून घेतली, तर ती अडखळते आणि मेंदूतल्या बोलण्याच्या भागांचा नकाशा भरवशाचा राहत नाही. वाचता येत नसेल तर तेही सांगा, म्हणजे चित्रं दाखवून किंवा ऐकवून चाचणी घेता येते. पेशंट डावखुरा असेल तर तेही. घरी सराव करून घ्या: साधारण 30 सेकंद चित्रातल्या वस्तूचं काम मनातल्या मनात म्हणायचं, विळा दिसला की ‘कापणं’, घागर दिसली की ‘भरणं’, पुढचे 30 सेकंद नुसतं पडून राहायचं. ओठ हलवले की डोकं हलतं, आणि दोन-तीन मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडतं.

जोडवी, नथ, मंगळसूत्र घरीच ठेवा. रुतलेली जोडवी आदल्या दिवशीच साबण लावून काढा. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनमधली क्लिप किंवा वेल्डिंग-ग्राइंडिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण लपवू नका. चुंबकाने कण सरकला तर डोळा जाऊ शकतो. चष्म्याचा नंबर लिहून न्या. फिटची गोळी चुकवायची नाही. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि जुन्या एमआरआयची सीडी सोबत हवी, नुसत्या फिल्मवर भागत नाही.

रिपोर्ट हातात आला की एक गोष्ट नीट समजून घ्या. गाठीजवळचा रक्तप्रवाह बिघडलेला असतो, त्यामुळे काम करणारा भागही नकाशावर कोरा दिसू शकतो. सूज असली की तंतूही तुटल्यासारखे दिसू शकतात. म्हणून तंतू गाठीपासून किती मिलिमीटरवर आहेत आणि पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करणार का, हे सर्जनला स्पष्ट विचारा.

ऑपरेशनआधी मोबाईलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा: घरातल्या वस्तूंची नावं, आठवड्याचे वार, कालच्या जेवणाची हकीकत. नंतर स्पीच थेरपिस्टला आधीचं बोलणं कसं होतं ते त्यातूनच कळतं.