लघवीच्या कल्चरचा अहवाल कसा वाचावा

कल्चर म्हणजे लघवीतील जीवाणू वाढवून पाहण्याची तपासणी. तिच्या अहवालात प्रथम जीवाणूचे नाव पाहावे. लघवीच्या संसर्गात ते बहुधा ई. कोलाय असते. प्रत्येक प्रतिजैविकापुढील ‘एस’ म्हणजे ते नेहमीच्या मात्रेत लागू पडण्याची शक्यता अधिक, ‘आय’ म्हणजे वाढीव मात्रेत, आणि ‘आर’ म्हणजे जीवाणू त्याला दाद देत नाही.

औषधे गटागटाने वाचावीत. अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम यांच्यामुळे जीवाणूला पेशीभित्तिका नीट बांधता येत नाही. परंतु त्यांच्या रेणूतील ‘बीटा-लॅक्टम’ नावाचे कडे (वलय) तोडणारे विकर (एन्झाइम) जीवाणूने कमावले असेल, तर ती निकामी होतात. ‘ईएसबीएल’ (एक्स्टेंडेड-स्पेक्ट्रम बीटा-लॅक्टमेज, म्हणजे असे व्यापक विकर) हा शेरा नेमके हेच सांगतो, आणि अशा वेळी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही सहसा चालत नाही, मेरोपेनेम मात्र बहुधा टिकते. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनए गायरेज या विकराला अडवते. त्या विकराच्या जनुकात बदल झाला की औषधाची पकड सुटते, म्हणून त्याच गटातील लिव्होफ्लॉक्सासिनवरही भरवसा उरत नाही.

एमआयसी म्हणजे जीवाणूची वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण. त्याचा सर्वांत लहान आकडा म्हणजे सर्वोत्तम औषध, हा (फार पसरलेला) समज चुकीचा आहे, कारण ‘एस’ वा ‘आर’ ठरवणारी आकड्याची मर्यादा प्रत्येक औषधासाठी निराळी असते. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’ असला तरी ते मूत्राशयापुरतेच उपयोगी पडते. थंडीताप आणि कुशीत दुखणे असल्यास, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका असल्यास, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.